भिंतीवरची उलटी गिटार

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

आधी एक दुरुस्ती.

३१ जानेवारीला मी या वहीत लिहिलं की गिरगावच्या दुकानात तीन गिटारी वाजवून पाहिल्या आणि एकही पसंत पडली नाही. हे खरं नाही. मी एकही वाजवली नाही. आठ दिवस ते वाक्य टोचतंय. परळच्या ज्या लॅबमध्ये मी रिपोर्ट तपासते, तिथे चूक सापडली की जुना कागद फाडत नाहीत. वर 'सुधारित' असा शिक्का मारून नवा काढतात आणि काय बदललं ते खाली लिहितात. लोकांच्या साखरेचे आकडे इतक्या काटेकोरपणे सुधारायचे आणि स्वतःच्या वहीत खोटं ठेवायचं, हे बरं नाही.

तर सुधारित. दुकानाचे मालक चिंतामणीकाका यांनी पहिली गिटार काढून माझ्या हातात दिली. मी स्टुलावर बसून ती मांडीवर घेतली. काका म्हणाले, "बाळ, उलटी धरलीस," आणि त्यांनीच ती फिरवून दिली. मागे कॉलेजातली दोन मुलं उभी होती. ती हसली. मला हसली की आपापसात, ते खात्रीनं सांगता येणार नाही. पण त्यानंतर माझ्याच्यानं तार छेडवली नाही. वहीतून उतरवून नेलेले दोन प्रश्न विचारले, बाकीच्या दोन गिटारींना नुसता हात लावला आणि निघाले.

आठ महिने वाजवणाऱ्या मुलीनं गिटार उलटी का धरावी, मला कळत नाही. घाईच असणार. मैत्रीण ओवीच्या घरून आणलेल्या गिटारचं असं होत नाही, कारण ती उचलताना मी दर वेळी मनात 'मान डावीकडे' (मान म्हणजे गिटारचा लांब दांडा) असं म्हणून घेते. दुकानात म्हणायचं राहिलं.

आणखी एक लिहायचं राहिलं होतं. काकांच्या भिंतीवर सगळ्यात वर एक काळी गिटार आहे. हेवी मेटल वाजवणारे घेतात तशी, दोन टोकदार शिंगांची. बाकी सगळ्यांचं लांब शिंग एका बाजूला आणि हिचं दुसऱ्या. आरशात बघितल्यासारखी. बहुधा कारखान्यात चूक झाली असावी. सदोष माल असेल तर तसं लिहून ठेवायला हवं, असं वाटलं. बोलले नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

नक्की काय ठरवायचं आहे ते एकदा सरळ लिहून काढते, म्हणजे गोंधळ कमी होईल.

आमचा तिघींचा मेटल बँड आहे, नाव 'भोंगा'. मधुरा गाते (गाते म्हणजे घशातून गुरगुरते) आणि बेस वाजवते. ओवी ड्रम्सवर. मी गिटार, आणि रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, माझेच. नाव मधुरानं ठेवलं, गिरणीच्या भोंग्यावरून. माझे आईकडचे आजोबा तो भोंगा ऐकून कामावर धावायचे. मधुराचे आजोबा गिरगावात सॉलिसिटर होते, त्यांना भोंग्यानं काही फरक पडत नसणार. पण नाव चांगलं आहे.

२९ मार्चला, रविवारी, आमचा पहिला कार्यक्रम आहे. परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या हॉलमध्ये. तीन गाणी. आत्तापर्यंत मी वाजवते ती गिटार ओवीच्या दादाची. तो १५ मार्चला बंगळुरूहून येऊन ती घेऊन जाणार. त्याआधी मला माझी हवी. पैसे बाजूला काढून ठेवलेले आहेत, तो प्रश्न नाही. प्रश्न कुठली, हा आहे.

आणि खरा प्रश्न त्याच्यामागे आहे. तिसरं गाणं 'तिसरी पाळी' मला पूर्ण वेगात वाजत नाही. तळवा जाड तारांवर टेकवून सगळे फटके वरून खाली, एकसारखे, चार मिनिटं. दोन मिनिटं झाली की माझं उजवं मनगट दगड होतं. ओवी माझ्यासाठी ड्रम्स हळू करते. मधुरा काही बोलत नाही, पण तिच्या वर्गातला शंतनु नावाचा एक मुलगा आहे, त्याची स्वतःची गिटार आहे आणि त्याचं मनगट दगड होत नाही. म्हणजे योग्य गिटार मिळाली नाही तर माझी जागा जाणार. हे एवढंच आहे. लिहिल्यावर गोंधळ कमी झाला नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सकाळी भोईवाड्याच्या देवळात रांग लावली. बेल वाहताना आई बाजूनं हळूच म्हणाली, "हात." मी हात बदलला. घरी रताळ्याचे काप ताटात वाढत होते तेव्हाही म्हणाली. आमच्याकडे 'हात' एवढंच म्हणतात, पुढे काही म्हणावं लागत नाही. माझी ही धांदल लहानपणापासूनची.

दुपारी दादरला ओवीच्या इमारतीतल्या गॅरेजमध्ये सराव. उपास होता, हे कारण देणार नाही. 'तिसरी पाळी' चार वेळा घेतलं, चारही वेळा मी मागे पडले. शेवटी मधुरानं बेस खाली ठेवला.

"मेघना, एक विचारू? रागावू नकोस."

म्हटलं विचार.

"तुला सगळं कळतं. रिफ तू लिहितेस, आमच्या दोघींपेक्षा तुझा कान चांगला आहे. मग हात का ऐकत नाही यार?"

मी म्हटलं, गिटारची मान जाड आहे.

"मान डाव्या हातात असते गं. तुझा उजवा अडकतोय."

ओवी म्हणाली, तारा जाड असतील, बदलून बघू. ओवी नेहमी असंच काहीतरी म्हणून सोडवते. मधुरा म्हणाली की शंतनुला तिनं फक्त 'तयार रहा' असं सांगितलंय, नक्की काही नाही. तिनं हे मला तोंडावर सांगितलं, त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पाच दिवस वाचतेय. एक जण म्हणतो मेटलला जाड आवाजाचा पिकअप हवा, म्हणजे तारांखालचं ते दुहेरी चुंबक. दुसरा म्हणतो पिकअप नंतर बदलता येतो, आधी लाकूड बघा. तिसरा म्हणतो इलेक्ट्रिकमध्ये लाकडाला काही अर्थ नाही, सगळा अँप्लिफायरचा खेळ. चौथा म्हणतो मानेवरची पट्टी लांब हवी म्हणजे तारा ताठ राहतात. पाचवा म्हणतो ताठ तारांनी मनगट दुखतं. पाचही जण अत्यंत खात्रीनं बोलतात. इतकी खात्री आमच्या लॅबमध्ये डॉक्टरांनाही नसते.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तक्ता करायला घेतला. शेजारच्या टेबलावरचे शामराव बघत होते. म्हणाले, "मुलगा बघतेयस काय?" मी गिटार म्हटल्यावर त्यांचा रस गेला. जाताना माझ्या कॉम्प्युटरचा माउस त्यांनी परत उजवीकडे सरकवून ठेवला. रोज ठेवतात. मी रोज डावीकडे घेते. टेबल अरुंद आहे म्हणून.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज बाबांना विचारलं, दुकानात याल का.

बाबांना मेटल आवडत नाही, असं मी आजवर धरून चालले आहे. मी घरात वाजवायला बसले की ते थोडा वेळ माझ्या हाताकडे बघतात आणि उठून गॅलरीत जातात. पण लाकूड त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. पस्तीस वर्षं रे रोडच्या वखारीत आहेत, फळीवर बोटानं टकटक करून झाड सांगतात. आणि वाद्यही कळतं. गणपतीत मिरवणुकीपुढे वाजवणाऱ्या लालबागच्या एका पार्टीत ते बेंजो वाजवतात. मांडीवरची ती पेटीसारखी लांब फळी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या, आणि भोंग्यातून आवाज सोडायचा. खरं म्हणजे ते मेटलपासून फार लांब नाही. हे त्यांना सांगायची हिंमत झालेली नाही.

बाबा लगेच हो म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, पण वाटायला नको होतं. माझ्या शिकण्यासाठी त्यांनी काय केलं नाही? आमच्यात शाळा पुरी करणारी मी पहिली. आई तिसरीपर्यंत. बाबा शाळेत गेलेच नाहीत, दहाव्या वर्षी मालवणहून मुंबईला त्यांच्या काकाकडे आले आणि वखारीत लागले. तरी मला पाटीवर रेघा मारायला त्यांनीच शिकवलं. शाळेत घालायच्या आधीचा तो मे महिना मला चांगला आठवतो. संध्याकाळी कामावरून आले की ते 'एक हाताचा राजा' खेळायचे. त्यांचा पिवळा रुमाल माझ्या डाव्या मनगटाला बांधायचे, दुसरं टोक स्टुलाच्या पायाला. राजानं एकाच हातानं सगळं करायचं. पाटीवर उभी रेघ, आडवी रेघ, गोल. मी रडले की गूळ द्यायचे. रडले असेन, नीट आठवत नाही, पण गूळ आठवतो. ज्या माणसाला स्वतःला अक्षर येत नाही, त्यानं मुलीला खेळातून लिहायला शिकवलं. हे मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

बाबांबरोबर दुकानात गेले. जे घडलं ते क्रमानं लिहिते, कारण मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चिंतामणीकाकांनी तीन गिटारी काढल्या. बाबांनी प्रत्येकीच्या पाठीवर टकटक केलं, कान लावला. पहिलीला म्हणाले, "ही हलकी. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड." काकांना राग येईल असं वाटलं, पण ते खूश झाले आणि दोघं लाकडावर बोलायला लागले, ओळखीचे असल्यासारखे. तेवढ्यात मी काकांना भीत भीत सांगितलं की वरची काळी गिटार उलटी आहे, लोकांचा गैरसमज होईल.

काका हसले. म्हणाले, "सहा वर्षं आहे ती तिथं. तिचं गिऱ्हाईक आलं की सरळ होईल."

मला समजलं नाही. कुणीतरी पैसे भरून ठेवलेले असावेत.

मग मी दुसरी गिटार घेतली (मान डावीकडे), काकांनी हेडफोन लावून दिले आणि मी 'तिसरी पाळी' सुरू केलं. आवाज मस्त होता. दीड मिनिटात मनगट गेलं. डोळे उघडले तर समोर बाबा काळ्या गिटारकडे बोट दाखवून काकांना काहीतरी विचारत होते. काकांनी आपला डावा हात वर करून तारा छेडल्यासारखा हलवला आणि काही सांगितलं. हेडफोनमुळे मला ऐकू आलं नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग दुकानाबाहेर गेले.

पंधरा मिनिटांनी मी बाहेर आले तर ते समोरच्या पायरीवर बसले होते. चहाचा ग्लास हातात, चहा तसाच. मी म्हटलं, दुसरी चांगली वाटते का? ते म्हणाले, "घाई करू नको." एवढंच.

माझं वाजवणं त्यांना आवडलं नाही, हे उघड आहे. दीड मिनिटातच. हेडफोनमुळे त्यांना ऐकू येत नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. म्हणजे नुसता हात बघून.

बुधवार, ४ मार्च

बाबा जेवत नाहीत. म्हणजे जेवतात, पण निम्मं. आईनं विचारलं तर वखारीत उकडतं म्हणाले. सोमवारी माळ्यावरून बेंजो काढला. गणपतीला सहा महिने आहेत. तेल लावतात, तारा पुसतात, परत कापडात गुंडाळतात.

मी ठरवलंय की दुसऱ्या नंबरची घेऊन टाकायची. पिकअप दुहेरी, लाकूड बाबांनी नाकारलेलं नाही. ठरवल्यावर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

रविवार, ८ मार्च

आज सराव नव्हता. आई महिला दिनाच्या हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावर गेली होती. दुपारी चारच्या सुमारास बाबांनी बेंजो जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "बाय, हय बस. माझ्या समोर."

घरात बाबा आमच्यासारखंच बोलतात. मालवणी बाहेर येते ती गावचा फोन आला की, नाहीतर काही फार झालं की. मी बसले.

त्यांनी बेंजो फिरवला नाही. त्यांच्या बाजूनं सरळ होता, म्हणजे माझ्या बाजूनं उलटा. म्हणाले, शाळेत घालायच्या आधी तू अशीच समोर बसून वाजवायचीस. मी म्हटलं, मला आठवत नाही. त्यांनी तार छेडायची नखी माझ्या डाव्या हातात दिली. मी सवयीनं ती उजव्यात घेतली. त्यांनी काढून परत डाव्यात दिली.

"बटणां मी दाबतंय. तू नुसती मार."

मी मारली. सुरुवातीला दबकत. मग हातच सुटला. हे कसं लिहायचं मला कळत नाही. मी काही करत नव्हते, हात करत होता. वरून खाली, वरून खाली, मनगट सैल. बाबांनी बटणांवर गणपतीतली एक चाल धरली होती, मी त्यांना मागे टाकायला लागले, ते वेग वाढवत गेले. भिंतीवर शेजाऱ्यांनी थाप मारली तेव्हा थांबलो. घड्याळात बघितलं. सहा मिनिटं. मनगटात काही नव्हतं. नुसतं गरम होतं.

मग बाबा बोलले. मी जसंच्या तसं लिहिते.

"तू डावरी होतंस. जन्मापासून. चमचो, काठी, सगळां डाव्या हातान. मीच बदललंय."

रुमाल, मी म्हटलं.

"होय. तो खेळ नव्हतो."

मी विचारलं, शाळेत कुणी काही बोललं होतं का? बाईंनी सांगितलं होतं?

"नाय. कोण कायेक बोलूक नाय." मग त्यांनी बेंजोची एक तार कापडानं पुसली. "माका वाटलां, डाव्या हातान लिवलां तर अक्षर उलटां येतलां. आणि मगे तुका शाळेत घेवचे नाय. माका काय म्हायत? माका सुलटांय येना नाय."

मी म्हटलं, "बरं." चहा ठेवायला उठले. साखर डाव्या हातानं घातली, मग थांबले, मग कुठल्या हातानं घालायची तेच कळेना. डबा तसाच उघडा ठेवून उभी राहिले.

मंगळवार, १० मार्च

दुरुस्त्या. बऱ्याच आहेत.

२० फेब्रुवारी: टेबल अरुंद नाही. आज मोजलं.

२२ फेब्रुवारी: 'खेळातून शिकवलं' असं लिहिलंय. ते खोडत नाही. शिकवलं हे खरंच आहे. खेळ नव्हता, एवढीच दुरुस्ती. गुळाचं काय करायचं ते ठरत नाही. मी रडत होते, हे आता आठवतं. की बाबांनी सांगितल्यामुळे आठवतंय असं वाटतं?

८ आणि २८ फेब्रुवारी: काळी गिटार सदोष नाही, ती डावखुऱ्यांची आहे. अशा गिटारी असतात हे मला माहीत होतं. तेही वाचलं होतं. पण ते दुसऱ्या लोकांबद्दल आहे असं समजून पान उलटलं होतं.

२२ आणि २८ फेब्रुवारी: बाबांना माझं वाजवणं आवडत नाही, हे मी ठरवलं होतं. त्यांनी तसं कधीच म्हटलेलं नाही.

आता काळजी अशी की हेही पिकअपसारखंच असेल. मान जाड, तारा जाड, लाकूड हलकं, आणि आता हात. मला कारण हवं होतं आणि एक सापडलं. म्हणून आज लॅबमधून आल्यावर ओवीची गिटार उलटी धरली आणि फक्त जाड तार, काही न दाबता, डाव्या हातानं 'तिसरी पाळी'च्या वेगात मारली. फोनवर वेळ लावून. चार मिनिटं दहा सेकंद. उजव्या हातानं त्याच वेगात एक मिनिट चाळीस. प्रत्येकी तीन वेळा केलं, कारण एका वेळेवरून निष्कर्ष काढू नये. तिन्ही वेळा तेच.

पण मग उजवा हात मानेवर गेला, तारा दाबायला, आणि तो बाळासारखा आहे. एक साधा सूर दाबता येत नाही. आठ महिने डाव्यानं जे शिकलं ते उजव्याला शून्यापासून शिकवायचं. एकोणीस दिवसांत होणार नाही. म्हणजे काळी गिटार घेतली तर २९ तारीख गेली. दुसऱ्या नंबरची घेतली तर २९ ला वाजवेन, ओवी ड्रम्स हळू करेल, आणि मी आयुष्यभर दोन मिनिटांवर अडकेन. कदाचित नाही अडकणार. उजव्या हातानं शिकून पुढे गेलेले डावखुरेही असतीलच. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसणार.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला वाटायचं देवाधर्माचं म्हणून हात बदलायचा. तुझ्या बाबांनी मला कधी सांगितलं नाही कशासाठी ते." मग देठं टोपलीत टाकत, "रागावलीस त्यांच्यावर?"

मी हो म्हटलं. मग नाही म्हटलं. दोन्ही लिहून ठेवते.

बुधवार, ११ मार्च

दादरला मधुराला आणि ओवीला भेटले. सगळं सांगितलं, रुमालासकट. ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं, मधुराच्या नाही. मधुरानं बराच वेळ चमच्यानं कॉफी ढवळली.

"म्हणजे झिरोपासून."

अर्धं झिरो, मी म्हटलं. उजवा हात झिरो. डावा पुढे आहे.

"आणि एकोणतीसला?"

मी म्हटलं, शंतनुला सांग. हे वाक्य मी वाटेत तीन वेळा म्हणून पाहिलं होतं, तरी आवाज बारीक आला.

"जागा रिकामी ठेवेन असं मी सांगणार नाही," मधुरा म्हणाली. "खोटं ठरेल. पण रिफ तुझे आहेत. तो वाजवेल तेव्हा अनाउन्स करताना तुझं नाव घेणार. आणि जूनमध्ये काय ते कळव. डाव्या हातानं."

शेवटचं ती चेष्टेनं म्हणाली की मनापासून, मला कळलं नाही. ओवी म्हणाली, हिचं असंच असतं. घरी येताना मी ठीक होते. भोईवाड्याच्या कोपऱ्यावर एकदम वाटलं की मी फार मोठी चूक केली. नंतर जिना चढताना नाही वाटलं.

शुक्रवार, १३ मार्च

काकांना फोन केला. काळी गिटार विकलेली नाही, कधीच नव्हती. चार दिवस बाजूला ठेवा म्हटलं तर म्हणाले, "सहा वर्षं राहिली, चार दिवसांनी काय होतंय." आई म्हणते पाडव्याला घे. बाबांची वखार पाडव्याला बंद असते, त्यामुळे तेही येतील. मी त्यांना या वेळी विचारलं नव्हतं. त्यांनीच शर्ट इस्त्रीला दिला. अजून आम्ही नीट बोललेलो नाही. काल त्यांनी विचारलं की काळीचं लाकूड कुठलं असेल. मी म्हटलं, तुम्ही टकटक करून सांगा. ते "बघू" म्हणाले आणि सगळं जेवले.

चार दिवस म्हटलं ते चुकलं. पाडवा सहा दिवसांवर आहे. उद्या काकांना परत फोन करून सांगायला हवं.

पाडव्याला सकाळी गिरगावात शोभायात्रा असते, दुकानाची गल्ली दुपारपर्यंत बंद. म्हणून दुकानात जायची वेळ अकरा लिहिली होती ती खोडून तीन केली. भिंतीवरून काका काढून देतील, पण मांडीवर मी माझी मी घेणार. काही मनात न म्हणता. जशी येईल तशी.

हे पुढचं डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाईट येतंय, ओळ खाली उतरतेय, पण उलटं येत नाही. बाबांना दाखवणार आहे. याची सुधारित प्रत काढणार नाही.

गुरुवार, १९ मार्च, पाडवा. दुपारी तीन.